शेवट दाखवणार का?

वडगाव रासाई भीमेच्या काठावर आहे. शिरूर तालुक्याची ही कड. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो आणि माणूस शिरूर लोकसभा मतदारसंघातून बारामती मतदारसंघात जातो. नदीने वर गेले की वढू बुद्रुक आणि तुळापूर, खाली गेले की दौंडच्या पुढे पेडगावचा बहादूरगड. संभाजी महाराजांना १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरला पकडले, बहादूरगडावर औरंगजेबापुढे उभे केले आणि ११ मार्चला, फाल्गुन अमावास्येला, तुळापूरला त्यांची हत्या झाली. मराठी मुलखातल्या सर्वांत दुःखद कथेचा शेवटचा भाग भीमेच्या याच पट्ट्यात घडला. इथल्या माणसाला तो कोणी सांगावा लागत नाही. शाळेत जायच्या आधीच तो त्याच्या कानावर पडलेला असतो.

म्हणून २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे घडले त्याची नोंद इथूनच करायला हवी. झी मराठीवरची ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका २४ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाली होती. सोमवार ते शनिवार, रात्री नऊ. प्रताप गंगावणे यांचे लेखन, कार्तिक केंढे यांचे दिग्दर्शन, येसूबाईंच्या भूमिकेत प्राजक्ता गायकवाड आणि संभाजी महाराजांच्या भूमिकेत डॉ. अमोल कोल्हे. मालिका चालू असतानाच मे २०१९ मध्ये कोल्हे शिरूरचे खासदार झाले. तीन वेळा निवडून आलेल्या शिवाजीराव आढळराव पाटील यांना त्यांनी सुमारे ५८ हजार मतांनी हरवले. त्यामुळे वडगाव रासाईचा मतदार नऊ महिने आपल्या खासदाराला रोज रात्री नऊ वाजता जिरेटोपात पाहत होता. अशी सोय देशातल्या फार थोड्या मतदारांना मिळाली असेल. रात्रीची लाइट असली की उसाला दारं धरायला गेलेला माणूस तेवढा मुकायचा. तो दुसऱ्या दिवशी मोबाइलवर भाग पाहून घ्यायचा.

मालिका संपत आली आणि एकच प्रश्न सुरू झाला: शेवट दाखवणार का? ‘शेवट काय होणार’ हे कोणीच विचारत नव्हते. साखळदंड, विदूषकाची टोपी, डोळे, जीभ हे सगळे पडद्यावर येणार का, आणि आले तर आपण ते कसे पाहायचे, हा घोर होता. छळाची दृश्ये दाखवू नयेत, भावना दुखावतील, अशी मागणी राजकीय मंडळींकडून जाहीरपणे झाली. मालिका कोणाच्या तरी दबावाखाली गुंडाळली जात आहे अशीही कुजबुज पसरली आणि कोल्हे यांना खुलासे करावे लागले. अखेर हाल तपशिलात न दाखवता, २९ फेब्रुवारी २०२० रोजी मालिका संपली. त्या वर्षी फाल्गुन लागून आठवडाही झाला नव्हता. याच महिन्यात अनेक गावांतली तरुण मुले संभाजी महाराजांचा बलिदान मास पाळतात, चपला घालत नाहीत, गोड खात नाहीत. पडद्यावरचा आणि पंचांगातला शोक असा एकाच पंधरवड्यात आला.

मालिकांच्या शेवटावरून प्रेक्षक खवळण्याची गोष्ट निघाली की आजचा विशीतला मुलगा आधी जपानी ऍनिमेचे नाव घेतो, आणि ते बरोबरच आहे. या बाबतीत जपानचा अनुभव जुना आहे. ‘आशिता नो जो’ ही मुष्टियोद्ध्याची चित्रकथा १९६८ पासून साप्ताहिकात येत होती. तिच्यातला नायकाचा प्रतिस्पर्धी रिकिइशी मेला तेव्हा २४ मार्च १९७० रोजी कोदान्शा या प्रकाशनसंस्थेत त्याचा खराखुरा अंत्यविधी झाला. कवी-नाटककार शुजी तेरायामा यांनी त्यात पुढाकार घेतला आणि सुमारे ७०० माणसे आली. कागदावरच्या माणसासाठी. त्याच कथेच्या शेवटच्या चित्रात नायक जो रिंगणाच्या कोपऱ्यात, पांढराफटक, किंचित हसत बसलेला दिसतो. तो मेला की दमून बसला, यावर जपानी वाचक पन्नास वर्षे वाद घालत आहेत.

दुसरा प्रसंग ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’चा. २६ भागांची ही मालिका २७ मार्च १९९६ रोजी संपली. जगबुडीच्या लढाईचा निकाल पाहायला बसलेल्या प्रेक्षकांना शेवटच्या दोन भागांत दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी नायकाच्या मनातली घालमेल दाखवली आणि सगळी पात्रे टाळ्या वाजवून त्याचे अभिनंदन करताना दाखवली. प्रेक्षक चिडले. जुलै १९९७ मध्ये आन्नो यांनी चित्रपट काढून नवा शेवट दिला, तोही आधीपेक्षा भयंकर, आणि प्रेक्षकांकडून आलेले संतापाचे संदेश क्षणभर पडद्यावर झळकवले. मला हा माणूस आवडतो, पण अशा दिग्दर्शकाच्या शेजारी राहायला मी तयार होणार नाही. अगदी अलीकडे, नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘अटॅक ऑन टायटन’ संपली. मूळ चित्रकथेचा शेवट २०२१ मध्ये वाचकांच्या टीकेचा धनी झाला होता. ऍनिमे करताना लेखक हाजिमे इसायामा यांनी एरेन आणि आर्मिन या पात्रांमधला शेवटचा संवाद नव्याने लिहून दिला. घटना त्याच राहिल्या, बोलणे बदलले.

या जपानी प्रसंगांत शेवट लेखकाच्या मुठीत असतो. तो मूठ उघडतो, मग प्रेक्षक बोलतो. रिकिइशीचा अंत्यविधी काय, आन्नो यांना आलेली पत्रे काय, सगळे नंतरचे. आपल्याकडे मात्र शेवटाच्या आधी आवाज उठतो, कारण तो लेखकाच्या मुठीत कधी नसतोच. तो गावाला ठाऊक असतो, गावाचा असतो, आणि लेखकाला तो फक्त वापरायला मिळतो.

कीर्तनाला बसलेल्यांचेही असेच असते. अखंड हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होणार, दहीहंडी फुटणार, काला वाटला जाणार, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना माहीत असते आणि त्याच दिवशी सर्वांत जास्त गर्दी होते. कृष्णाच्या पायाला लागलेल्या व्याधाच्या बाणावर कोणी सप्ताह संपवत नाही. यात्रेला नारायणगावच्या राहुट्यांवर जाऊन तमाशाची सुपारी देताना वग कोणता लावायचा याची बोलणी तिथेच होतात. कोल्हे त्याच नारायणगावचे, तेव्हा त्यांना हा प्रेक्षक नवा नव्हता. संस्कृत नाटकातही रंगमंचावर वध दाखवायचा नाही असा संकेत होता. भासाने ‘ऊरुभंग’मध्ये दुर्योधनाला प्रेक्षकांसमोर मरू दिले, तो अपवाद. मराठी रंगभूमीने हा संकेत फारसा मानला नाही. नाटककार गडकऱ्यांची नायिका सिंधू १९१९ पासून रंगमंचावर मरते आहे.

गडकऱ्यांचा आणखी एक धागा इथे येतो. संभाजी महाराजांवरचे त्यांचे ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले आणि जानेवारी १९१९ मध्ये ते गेले. त्या अपुऱ्या नाटकातल्या चित्रणाचा राग ९८ वर्षांनी निघाला. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा काढून टाकण्यात आला. पुतळा तोडणे मला मान्य नाही. पण प्रेक्षकाची आठवण किती लांब पोचते याचा याहून ठसठशीत दाखला मराठीत दुसरा नसेल. नाटककार कानेटकरांनी १९६२ मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आणि १९६८ मध्ये ‘इथे ओशाळला मृत्यू’ लिहिले. दोन्हींत काशीनाथ घाणेकर संभाजी होते. शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी १९७९ ची. प्रत्येक पिढीने हा शेवट नव्याने लिहून घेतला आणि प्रत्येक वेळी पूर्वीच्या लेखकाच्या चुका मोजल्या.

प्रेक्षकांनी शेवटच पुढे ढकलायला लावल्याचेही उदाहरण आहे. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ ३१ जुलै १९८८ रोजी राज्याभिषेकानंतर थांबले तेव्हा जालंधर आणि उत्तरेतल्या इतर शहरांत सफाई कामगारांनी संप केला. कथा पुढे न्या, वाल्मीकी आणि लवकुश दाखवा, ही त्यांची मागणी होती. मागणी धर्माची होती तशीच मानाचीही: ज्यांना आपण पूर्वज मानतो त्यांच्याआधी गोष्ट कशी संपते? ‘उत्तर रामायण’ त्यानंतर आले. जिथे राग कथेतल्या घटनेवरचा वाटतो तिथे तो पुष्कळदा आपले नाव वगळल्याचा असतो.

वढू बुद्रुकमध्ये हेच अधिक कठीण रूपात दिसते. संभाजी महाराजांच्या देहावर अंत्यसंस्कार कोणी केले याच्या तिथे दोन परंपरा सांगितल्या जातात. एक शिवले घराण्याचे नाव घेते, दुसरी गोविंद गोपाळ महार यांचे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस एका फलकावरून गावात तणाव झाला आणि १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमा परिसर पेटला. मालिका तेव्हा तीन महिन्यांची होती. पडद्यावरचा शेवट दोन वर्षे लांब होता, आणि खऱ्या शेवटाचा मान कोणाचा हा वाद जवळच्याच गावात हाणामारीपर्यंत गेला होता. एवढे पाहिल्यावर कोणती वाहिनी तुळापूर निर्धास्तपणे चित्रित करेल?

शेवट भर चौकात साजरा झाल्याचेही उदाहरण आहे. ‘ड्रॅगन बॉल सुपर’ या जपानी ऍनिमेचे शेवटचे भाग मार्च २०१८ मध्ये मेक्सिकोत नगरपालिकांनी भर चौकात मोठ्या पडद्यांवर लावले होते. सिउदाद हुआरेझ शहरात हजारोंची गर्दी झाली, ती काढणाऱ्या तोएई कंपनीने परवानगी नसल्याचे बजावले तरी. त्यांचा शेवट विजयाचा होता, चौकात नाचता येण्यासारखा. तुळापूरचा शेवट चौकात लावता येतो का? मला आधी वाटत होते, येत नाही.

मग १४ फेब्रुवारी २०२५ रोजी लक्ष्मण उतेकर यांचा हिंदी ‘छावा’ आला. विकी कौशलचा संभाजी, आणि मालिकेने जे टाळले ते सगळे तपशिलात. चित्रपट संपताना लोक रडत होते, घोषणा देत होते, रडणाऱ्या लहान मुलांचे व्हिडिओ फिरत होते. भरूचच्या चित्रपटगृहात एकाने पडदाच फाडला. गंमत अशी की प्रदर्शनाआधी आक्षेप आला तो झलकेतल्या लेझीमवर. महाराज नाचताना दाखवले म्हणून ते दृश्य काढावे लागले. हालांवर हरकत नव्हती. पाच वर्षांपूर्वी ‘छळ दाखवू नका’ म्हणणारा महाराष्ट्र आता ‘आनंद दाखवू नका’ म्हणत होता. चित्रपट लागल्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या फितुरीच्या चित्रणावर हरकत घेतली आणि उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली. मार्चमध्ये नागपुरात दंगल झाली तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितले की या चित्रपटामुळे औरंगजेबाविरुद्धचा लोकांचा राग उफाळून आला आहे.

घरातल्या टीव्हीसमोर आजी, सून, नातू एकत्र बसतात आणि तिथे संकोच आड येतो. चित्रपटगृहात अंधार असतो, शेजारी अनोळखी माणूस असतो, तिकिटाचे पैसे गेलेले असतात. फरकाचे हे एक कारण. मला दुसरे कारण अधिक खरे वाटते. मालिका अडीच वर्षे रोज घरी येत होती. तिच्यातल्या संभाजींना लोकांनी लहानाचे मोठे होताना, चिडताना, आईवाचून झुरताना पाहिले होते. इतक्या ओळखीच्या माणसाचे हाल कोणाला पाहवत नाहीत. पावणेतीन तासांच्या चित्रपटातला संभाजी हा वीर आहे, आणि वीराचे हाल पाहून माणूस पेटतो.

माझे मत मालिकेच्या बाजूने आहे. राज्याभिषेक १६ जानेवारी १६८१ चा आणि हत्या ११ मार्च १६८९ ची. कैदेचे चाळीसएक दिवस सोडले तर मधली आठ वर्षे लढाया, तह, जंजिरा, गोवा, कारभार आणि दुष्काळ यांनी भरलेली आहेत. शिवाय ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ संभाजी महाराजांच्या नावावर आहे. त्या आठ वर्षांना वेळ देणाऱ्या कलाकृतीने शेवट अर्धा झाकला तरी तिचे काही बिघडत नाही. पुढचा जो कोणी हा विषय घेईल, त्याने तुळापूर किती मिनिटे दाखवायचे हे ठरवण्याआधी जंजिऱ्याला किती मिनिटे द्यायची ते ठरवावे.