संगीताची प्रोजेक्ट फाइल

संगणकावर संगीत रचणारा दिवसाअखेर जी प्रोजेक्ट फाइल जतन करतो, तिच्यात बहुधा गाण्याचा ध्वनी नसतोच. कोणते ध्वनिमुद्रण कोठून सुरू व्हावे, कोठे तोडावे, किती मोठ्याने वाजावे, एवढ्या सूचनाच तिच्यात असतात. प्रत्यक्ष ध्वनी वेगळ्या फाइलींत राहतो. म्हणूनच ही फाइल एकटीच दुसऱ्या संगणकावर नेली, की ती मुकी होते. एबलटन लाइव्हमध्ये विखुरलेले ध्वनी एका फोल्डरमध्ये गोळा करून जतन करण्याची सोय आहे ती याचसाठी. वाद्यांचे आवाज निर्माण करणारे प्लगइन मात्र त्यांत येत नाहीत.

सॉफ्टवेअरच बदलायचे झाल्यास अडचण वाढते. १९८३ साली आलेल्या मिडी संकेतांची फाइल जवळजवळ सर्वत्र उघडते. परंतु पेटीच्या कोणत्या पट्ट्या केव्हा व किती जोराने दाबल्या याची ती नोंद होय, पेटी नव्हे. २०२३ साली बिटविग व प्रीसोनस यांनी ‘डॉप्रोजेक्ट’ हे खुले स्वरूप मांडले, तरी सर्वांनी ते स्वीकारलेले नाही.

जुनाच मार्ग अधिक खात्रीचा आहे. प्रत्येक ट्रॅक अगदी आरंभापासून, सुरुवातीच्या शांततेसह, स्वतंत्र वेव्ह फाइल म्हणून काढावा. आरंभ एकच असल्याने हे ट्रॅक कोठेही एकाखाली एक मांडले तरी ताळमेळ जुळतो. २४ बिट व सेकंदाला ४४,१०० नमुने या मापाने स्टीरिओचे एक मिनिट सुमारे १६ मेगाबाइट जागा व्यापते. जागा जाते खरी. पण मूळ सॉफ्टवेअर बंद पडले तरी गाणे ऐकता येते, पुन्हा मिश्रितही करता येते. गाण्याची गती तेवढी फाइलीच्या नावात लिहून ठेवावी. वेव्ह फाइल बहुधा ती सांगत नाही.