आगगाडीने आलेल्या बाटल्या

मुंबईची आगगाडी १८५५ साली वाशिंदपर्यंत आली आणि १८६० साली आसनगावला पोचली. शहापूर, भातसेकाठचे सापगाव, पुढे मुरबाड, या सगळ्या भागाला मुंबईचा बाजार तेव्हापासून जवळ आला. इथला भात, गवत, लाकूड मुंबईकडे जाऊ लागले. उलट्या गाडीने काडेपेटी, रॉकेल, कापड असा माल येऊ लागला. औषधांच्या तयार बाटल्या आणि गोळ्यांच्या डब्या आल्या त्याही याच वाटेने.

आरोग्याच्या पानावर हा जुना बाजार कशाला, असे कोणी विचारील. डॉक्टरच्या आधी बाटली घेण्याची आपल्या वस्त्यांतली सवय त्याच बाजारात लागली, असे आम्हाला वाटते. म्हणून हा विषय.

त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांत औषधांच्या जाहिराती भरपूर असत. डोंगरे यांचे बालामृत, जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या, १८९३ साली मुंबईत निघालेले अमृतांजन, बाटलीवाला यांची हिवतापावरची औषधे. विलायतेहून बीचमच्या गोळ्या, वुडवर्डचे ग्राइप वॉटर, कॉलिस ब्राऊनचे क्लोरोडाइन. एकेक औषध पंधरा-वीस रोगांवर चालते असा दावा केलेला असे. १८७७ पासून व्ही. पी. सुरू झाली होती, त्यामुळे पत्र टाकले की औषध गावात येई आणि पैसे पोस्टमनच्या हातात द्यायचे.

आता आपल्या माणसांचा विचार करा. वाणी पुडी वरून टाकणार, पैसे खाली ठेवायला लावणार. आणि डॉक्टर? बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे १९२९ साली छापलेले पत्र दिले आहे. त्याची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टरने अट घातली की तिला वस्तीबाहेर आणा. आणले, तरी त्याने हात लावला नाही. थर्मामीटर आधी एका मुसलमान माणसाकडे दिला, त्याने नवऱ्याकडे, नवऱ्याने बायकोला लावला. न्यूमोनिया आहे असे डॉक्टर म्हणाला. ती बाई वाचली नाही.

जिथे तपासणाराच शिवत नव्हता, तिथे छापील बाटली परवडली. ती जात विचारत नव्हती. (पोस्टमन पार्सल लांबूनच फेकत असेल, ती गोष्ट वेगळी.) म्हणून त्या बाटल्यांवर विश्वास ठेवणाऱ्या आपल्या आजी-पणजीला अडाणी म्हणायला आम्ही तयार नाही.

पण बाटलीत काय होते, हे कळलेच पाहिजे. इंग्लंडमधल्या डॉक्टरांच्या संघटनेने १९०९ साली अशा गुप्त औषधांची तपासणी करून पुस्तकच काढले. बीचमच्या गोळ्यांत निघाले कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. साडेतेरा पेनीच्या डबीत ५६ गोळ्या, आणि आतल्या मालाची किंमत एका पेनीचा आठवा भाग. म्हणजे शंभरपटीहून जास्त पैसे कागदाला आणि जाहिरातीला. हे निदान जुलाबावर भागत होते. क्लोरोडाइनमध्ये अफूचा अर्क, भांग आणि क्लोरोफॉर्म होते. दुखणे थांबल्यासारखे वाटे, कारण माणूस गुंगीत जाई. वुडवर्डच्या ग्राइप वॉटरमध्ये सुरुवातीपासून साडेतीन टक्क्यांच्या वर दारू होती. ब्रिटनमध्ये ती काढायला लावली १९९२ साली!

मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना बाळगोळी देत. तीत अफू असे. हौसेने कोण देईल? दहा-अकरा तासांची पाळी, घरी सांभाळायला कोणी नाही, मूल झोपून राहिले तरच त्या दिवसाचा पगार. त्या झोपेत किती मुलांची भूक मेली असेल, हे मनात आले की आम्हाला बाळगोळीवर नुसते हसता येत नाही.

त्या काळी खरे औषधही होते. हिवतापावर क्विनाइन. बंगालमध्ये १८९२ पासून पोस्टात पैशाला पुडी मिळे. तिच्यात काय आहे, ते कोणत्या रोगावर चालते, किती घ्यायचे, हे सांगितलेले असे. गुप्त काही नव्हते.

पुढे १९३०-३१ मध्ये चोप्रा समितीने औषधांच्या बाजाराची चौकशी केली, १९४० साली औषधांचा कायदा आला आणि १९५४ साली जादूई उपचारांच्या जाहिरातींवर बंदी आली. त्या कायद्याच्या यादीत ५४ आजार आहेत. मधुमेह, कर्करोग, लकवा, फिट, पांढरे डाग, उंची वाढवणे. यातले काही ‘हमखास बरे करतो’ अशी जाहिरात दिसली, तर ती देणाराच कायदा मोडतो आहे.

आज बाजारात, जत्रेत, एस.टी. स्टँडवर सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या मिळतात. दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला तर खूश होण्याआधी थांबा. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. त्याने चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. पुडीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, घटक, परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख नसेल, तर ती घेऊ नका. महिनोन्महिने घेत आला असाल तर मात्र एकदम बंद करू नका, त्यानेही धोका होतो. उरलेली पुडी बरोबर घेऊन शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि किती दिवस, दिवसातून किती वेळा घेतली ते सांगा. सहा महिन्यांखालच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय घुटी, गोळी, ग्राइप वॉटर काही नको. बाळ अंगावर पीत नसेल, तापले असेल किंवा हाक मारूनही जागे होत नसेल, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा.