नांव मागें राहिलेला गीतकार



आमच्या हमरापुरास गणपतीच्या मूर्तींचे कारखाने पुष्कळ आहेत. मूर्ति साच्यांतून निघते, तिजवर रंग चढतो. परंतु डोळ्यांची आखणी होईपर्यंत तींत जीव आला असें वाटत नाहीं. ती आखणी कोणीं केली, हें मात्र मूर्ति नेणारा भाविक कधीं विचारीत नाहीं. गाण्याचे शब्द लिहिणाराची स्थिति अशीच आहे. चाल ओठांवर राहते, गायकाचें नांव राहतें; शब्दकार विसरला जातो.

अशा एका गीतकारावर २०२५ सालीं ‘ब्लू मून’ हा अमेरिकन बोलपट निघाला. दिग्दर्शक रिचर्ड लिंकलेटर असून, गीतकार लॉरेन्झ हार्ट याची भूमिका ईथन हॉक यांनीं केली आहे. हार्ट व संगीतकार रिचर्ड रॉजर्स यांची जोडी वीस वर्षांहून अधिक टिकली. पुढें मद्यपानामुळें हार्टचें काम वेळेवर होईना, आणि रॉजर्सनें ऑस्कर हॅमरस्टीन यांस सोबतीस घेऊन ‘ओक्लाहोमा’ हें संगीत नाटक केलें. त्याचा पहिला प्रयोग ३१ मार्च १९४३ रोजीं झाला. त्या रात्रीं न्यूयॉर्कच्या ‘सार्डीज’ उपाहारगृहांत हार्ट बोलत बसला आहे, एवढाच बहुतेक चित्रपट.

घटना थोडी आणि संभाषण फार, असें कां? ज्याच्या शब्दांना चाल देणारा सोबती दुरावला, त्याच्यापाशीं बोलणेंच उरतें. तो विनोद करतो, टोमणे मारतो, रॉजर्सचें अभिनंदनही करतो. पण त्या बोलण्याच्या तळाशीं ‘मला अजून विसरूं नका’ अशी विनवणी आहे. त्याच वर्षीं २२ नोव्हेंबरला, वयाच्या ४८ व्या वर्षीं, हार्ट वारला.

आपल्याकडे शब्दकाराच्या आयुष्यावर १९४७ सालींच ‘लोकशाहीर रामजोशी’ हा राजकमलचा बोलपट आला होता. बाबूराव पेंटर व व्ही. शांताराम यांचें दिग्दर्शन, ग. दि. माडगूळकरांचें लेखन, वसंत देसायांचें संगीत. भूमिका जयराम शिलेदार व हंसा वाडकर यांच्या. सोलापूरचा हा ब्राह्मण कवि तमाशाच्या फडांत रमला व स्वजनांच्या रोषास पात्र झाला. परंतु त्याचे सवाल-जवाब ऐकण्यास समोर फड भरलेला असे. हार्टच्या समोर तसा फड नाहीं. शिवाय शाहीर आपली नाममुद्रा लावणीच्या अखेरीस गुंफीत असत. गाणें म्हणणारास कवीचें नांव उच्चारावेंच लागे. आजच्या गीतकारास ती सोय नाहीं.

आमच्या गांवीं, हात कांपूं लागल्यामुळें आखणी सोडलेले एक वृद्ध गृहस्थ कारखान्याच्या ओट्यावर बसतात व तरुणांस भुवईचें वळण समजावितात. त्यांचें बोलणें लांबतें, म्हणून मी पूर्वीं वाट वांकडी करून जात असें. जन्मभर मुलांना कविता शिकविलेल्या मास्तरास हें शोभलें नाहीं. आतां मी तेथें घटकाभर थांबतों.

रेडिओवर गाण्याआधीं निवेदक गीतकाराचें नांव सांगतो. तेवढा क्षण आपणही थांबावें, इतकीच माझी विनंति आहे.