‘लाइन’ : एका धाग्याचा विस्तार

इंग्रजी भाषेतील काही शब्द इतके साधे आहेत की, त्यांचा अर्थ कोशात पाहावा असे कोणाच्या मनातही येत नाही. आणि कोणी कोश उघडलाच, तर त्या एका शब्दाखाली पानेच्या पाने भरलेली आढळतात. ‘लाइन’ हा अशा शब्दांपैकी एक होय.

जयपूरच्या दक्षिण भागात मालवीय नगर ही सेक्टरांमध्ये विभागलेली मोठी वसाहत आहे. एखादे मराठी कुटुंब बदलीच्या निमित्ताने तेथे राहावयास गेले, असे समजा. वीज गेली की लाइनमनची वाट पाहावयाची. बँकेत गेले की ‘लाइन में लगिए’ आणि दूरध्वनी लावला की ‘लाइन पर रहिए’ असे ऐकावयाचे. शहरात मेट्रो सुरू झाली ती ३ जून २०१५ रोजी; तिचे नाव ‘पिंक लाइन’, आणि तिच्यावरील एका स्थानकाचे नाव ‘सिव्हिल लाइन्स’! तार, रांग, संपर्क, लोहमार्ग आणि वस्ती एवढ्या निरनिराळ्या गोष्टी एकाच शब्दात कशा मावल्या?

याचे उत्तर जवसाच्या झाडात आहे. लॅटिन भाषेत जवसाला ‘लिनुम’ म्हणत, आणि त्याच्या तंतूंपासून वळलेल्या दोरीला ‘लिनेआ’. ‘लिनन’ हे कापड आणि ‘लिनसीड’ हे जवसाचे बी याच घराण्यातील. दोरी ताणून धरली की तिच्या कडेने सरळ रेघ ओढता येते. रेघेवर अक्षरे मांडली की ओळ झाली. माणसे उभी राहिली की रांग झाली. पित्यापासून पुत्राकडे धागा जातो म्हणून वंश, एका विचारातून दुसरा निघतो म्हणून युक्तिवादाची दिशा, आणि बंदरामागून बंदर जोडले जाते म्हणून जहाजांची कंपनी, या सर्वांना इंग्रजीत ‘लाइन’च म्हणतात. कोटाला अस्तर लावण्याच्या क्रियेलाही हेच नाव आहे. ते वरवर अगदी परके वाटते. परंतु अस्तर पूर्वी लिननचे असे, हे कळल्यावर तेथेही तोच धागा हाती लागतो.

आपल्याकडेही असे घडले आहे. ‘सूत्र’ म्हणजे दोरा. त्यावरून नियमाला सूत्र, गणितातील सिद्ध रीतीला सूत्र, आणि नाटकाची योजना हाती धरणारा तो सूत्रधार. ‘मयमत’ या प्राचीन वास्तुग्रंथात स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक असे चार शिल्पी सांगितले आहेत; त्यांतील सूत्रग्राही म्हणजे मोजमापाची दोरी धरणारा. सवाई जयसिंहांनी १७२७ साली वसविलेल्या जयपूरचे सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते पाहिले की, दोरीवाचून नगर उभे राहत नाही हे पटते. मालवीय नगरातील अभियांत्रिकी महाविद्यालय १९६३ साली स्थापन झाले. आज ते राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था आहे. अभियंत्याच्या आराखड्यात तर रेषा हीच भाषा असते : अखंड रेषा म्हणजे दिसणारी कड आणि तुटक रेषा म्हणजे आड दडलेली कड.

‘सिव्हिल लाइन्स’चा उलगडा छावणीत होतो. लष्करी छावणीत शिपायांच्या बराकी ओळीने बांधलेल्या असत. त्यांस ‘लाइन्स’ म्हणत. मुलकी अधिकाऱ्यांची वस्ती ती ‘सिव्हिल लाइन्स’. जयपूरप्रमाणे नागपुरातही ती आहे. मुंबईचे ‘मरीन लाइन्स’ आणि आपल्या गावोगावची ‘पोलीस लाइन’ ही त्याच कुळातील नावे.

आता मराठीकडे वळू. इंग्रजीने जे एका शब्दात साठविले, ते मराठीने अनेक शब्दांत वाटून दिले, आणि प्रत्येक शब्दाला त्याचे स्वतःचे क्रियापद दिले. रेघ ओढावयाची, ओळ वाचावयाची, रांग लावावयाची, दोरी ताणावयाची, पंगत बसावयाची. भूमितीत रेषा, शेतात नांगराचे तास, देवळात हारीने लावलेले दिवे. हे भेद हौशीचे नव्हेत. ‘पंगत’ म्हटले की पाने मांडलेली दिसतात. ‘रांग’ म्हटले की पाय दुखू लागतात!

म्हणून परका शब्द मुळीच नको, असे नव्हे. लाइनमन हा वस्तू आणि व्यवसाय यांच्याबरोबर आला, तो राहील. गवंड्याने तर परका शब्द आणि आपला शब्द सांधून ‘लाइनदोरी’ असा जोडशब्द बनविला. वास्तविक ‘लाइन’ म्हणजेच दोरी; ते न जाणताही त्याने शब्दाला त्याच्या माहेरी नेऊन पोहोचविले. भाषांतर करणाऱ्यांनीही जेथे अर्थ पाहिला, तेथे त्यांस यश आले. ‘पॉव्हर्टी लाइन’ची दारिद्र्यरेषा झाली, परंतु ‘लाइफलाइन’ची जीवनरेषा न करता मुंबईच्या लोकलला जीवनवाहिनी म्हटले गेले, आणि ‘पाइपलाइन’ची जलवाहिनी झाली. पक्षाची ‘लाइन’ म्हणजे पक्षाचे धोरण. शब्द एक, अर्थ अनेक. म्हणून प्रतिशब्दही अनेक.

धोका आहे तो वेगळाच. वहीतील रेघ, कवितेतील ओळ आणि दुकानापुढील रांग या तिन्हींना मूल ‘लाइन’ म्हणू लागले, तर त्याचे व्यवहारात काही अडत नाही. म्हणूनच हे नुकसान कोणाच्या ध्यानात येत नाही. महाराष्ट्रात हे शब्द रस्त्यावर, पाटीवर, शेजारी पुन्हा कानी पडतात. जयपूर, इंदूर किंवा दिल्ली येथील मराठी घरात मात्र आई, वडील आणि आजी यांच्या तोंडून जेवढे शब्द निघतील, तेवढीच मुलाची मराठी. तेथे ‘ओळ’ हा शब्द घरात बोलला गेला नाही, तर त्या मुलापुरता तो भाषेतून गेला. पाहुणा शब्द घरात राहावा. पण त्याच्यासाठी घरच्या चार माणसांना बाहेर काढू नये, एवढेच.