इमारतीची निगा, सेवेची शाश्वती

आरोग्य केंद्राची किंवा आश्रमशाळेची इमारत उभी राहिली, उद्घाटन झाले, की काम पूर्ण झाले असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः इमारतीची खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. भिंतीला गेलेला तडा सर्वांना दिसतो. परंतु वीज वितरण पेटीतील सैल झालेला जोड किंवा गंजलेली भूसंपर्काची पट्टी कोणाच्या नजरेस पडत नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बालके दगावली. यंत्रसामग्रीची आणि विद्युत व्यवस्थेची देखरेख हा केवळ तांत्रिक विषय नाही, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

डहाणू-तलासरीची परिस्थिती

पालघर जिल्ह्यातील या दोन आदिवासीबहुल तालुक्यांत डहाणू व कासा येथील उपजिल्हा रुग्णालये, तलासरीचे ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि निवासी आश्रमशाळा यांवर हजारो कुटुंबे विसंबून आहेत. येथील निसर्गाचा यंत्रांवर तिहेरी ताण पडतो. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेने धातूचे जोड लवकर गंजतात. मुसळधार पावसात ओल भिंतींतून वायरिंगपर्यंत पोहोचते. शिवाय नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४ रिश्टरहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. अशा हादऱ्यांनी पाण्याच्या टाकीचे नळजोड सैल होतात, न बांधलेले प्राणवायूचे सिलिंडर आडवे होतात, जनित्राची बॅटरी जागेवरून सरकते. म्हणून सिलिंडर साखळीने बांधणे, जनित्र व बॅटरी पायाशी घट्ट बसविणे आणि धक्क्यानंतर हे सर्व जोड तपासणे येथे अगत्याचे आहे.

देखरेखीचे वेळापत्रक

बिघाड झाल्यावर दुरुस्ती करण्यापेक्षा बिघाड होऊ नये म्हणून ठराविक काळाने तपासणी करणे स्वस्त व सुरक्षित असते. लस साठविण्याच्या शीतपेटीचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस असावे लागते. त्याची नोंद दिवसातून दोनदा घ्यावी. २४ तासांत किमान ८ तास वीज मिळाली तरी ही पेटी लस सुरक्षित ठेवू शकते. पण झाकण वारंवार उघडल्यास हा लाभ मिळत नाही. काही लसी गोठल्यानेही निकामी होतात, याचे विस्मरण होऊ नये.

जनित्र आठवड्यातून एकदा भार देऊन चालवावे. ऐन वेळी ते सुरू न होण्याचे कारण बहुधा दुर्लक्षित बॅटरी हेच असते. आश्रमशाळेच्या वसतिगृहात विद्युत गळती रोधक उपकरणाची चाचणी कळ महिन्यातून एकदा दाबून पाहावी. मुलांच्या जिवाचे रक्षण करणारी ही साधी कृती आहे. फ्यूज उडाल्यावर जाड तार घालण्याचा प्रकार मात्र सर्वथा टाळावा. त्यामुळे वायर तापून आग लागू शकते.

भूसंपर्काचा रोध कोरड्या जमिनीत वाढतो. त्यामुळे त्याचे मापन उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसाळ्यापूर्वी करणे योग्य. विशेषतः डोंगराळ, खडकाळ भागात. आग प्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाप्राप्त अभिकरणाचे प्रमाणपत्र २००६ च्या राज्य अधिनियमानुसार जानेवारी व जुलैमध्ये सादर करावयाचे असते.

जबाबदारी कोणाची?

ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची, प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची, तर शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या. विद्युत कामे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडेही सोपविली जातात. यंत्रणा अनेक असल्या, की प्रत्येकाला ते काम दुसऱ्याचे वाटते. यावर उपाय एकच : प्रत्येक इमारतीत देखभाल नोंदवही असावी, तीत उपकरण, तपासणीची तारीख, आढळलेला दोष, तो कळविल्याचा व दूर झाल्याचा दिनांक लिहावा आणि इमारतीतील एका कर्मचाऱ्यावर तिची नावानिशी जबाबदारी असावी. वायरिंगच्या दुरुस्तीला मात्र परवानाधारक व्यक्तीनेच हात घालावा.

पंचायत सदस्य व शिक्षकांना तंत्रज्ञ होण्याची गरज नाही. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत ही वही मागणे आणि दोष कळवूनही तो का दूर झाला नाही असे विचारणे, एवढे त्यांना निश्चित करता येईल. मध्यरात्री वीज गेली असता प्रसूतिकक्षातील दिवा लागलेला राहावा, हेच या साऱ्या नोंदींचे प्रयोजन होय.