आगगाडीच्या छोट्या डब्यात दिवा लावू या

रात्रीच्या अंधारातून जाणारी प्रवासी आगगाडी तुम्ही कधी दूरवरून पाहिली आहे का? इंजिन दिसत नाही, रूळ दिसत नाहीत, डब्यांचा रंगही कळत नाही. दिसते ती फक्त उजळलेल्या खिडक्यांची सरकती माळ. आगगाडीची नमुनाकृती करणाऱ्या हौशी मंडळींना म्हणूनच डब्यात दिवे लावल्याशिवाय चैन पडत नाही.

बीड जिल्ह्यातील मांजरसुंब्याच्या मुलांना ही माळ घरबसल्या दिसत नाही. तेथे रात्री दिसतात ते महामार्गावरच्या मालमोटारींचे आणि एसटी गाड्यांचे दिवे. जिल्ह्यात परळीला रेल्वे फार पूर्वीपासून आहे. पण मांजरसुंब्यापासून वीसेक किलोमीटरवर असलेल्या बीड शहरात प्रवासी गाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगर ते बीड या मार्गावर. आता शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात कोणी आगगाडी मांडणार असेल, तर तिचे डबे उजळलेले असावेत. हे काम सातवी-आठवीपासून पुढच्या कोणालाही जमेल. मात्र ते करताना एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते, आणि तो प्रश्न खऱ्या रेल्वेच्या अभियंत्यांनाही पडला होता : गाडी थांबली तरी दिवा तेवत राहावा, यासाठी काय करायचे?

रुळांतून वीज घेतली तर?

नमुन्यातील विजेवर चालणाऱ्या इंजिनाला वीज रुळांतून मिळते. नेहमीच्या साध्या पद्धतीत दोन रुळांमध्ये शून्यापासून सुमारे १२ व्होल्टपर्यंत विद्युतदाब देता येतो. दाब वाढवला की गाडी वेगाने धावते, कमी केला की मंदावते. मग डब्याच्या चाकांतून हीच वीज घेऊन दिवा लावावा, असे कोणालाही सुचेल.

करून पाहिलेत तर तीन अडचणी दिसतील. पहिली, गाडी हळू चालली की दिवा मंद होतो आणि स्थानकात थांबली की विझतो. खऱ्या गाडीत तर थांबल्यावरच प्रवासी चढतात-उतरतात. दिवा तेव्हाच हवा! दुसरी, गाडी उलट दिशेने नेण्यासाठी रुळांवरची धन आणि ऋण बाजू अदलाबदल करावी लागते. एलईडी एकाच दिशेने वीज जाऊ देतो, म्हणून परतीच्या वाटेवर डबा अंधारात जातो. (चार डायोडांचा सेतू बसवून ही अडचण दूर करता येते.) तिसरी अडचण धुळीची. रुळावर धुळीचा किंवा गंजाचा पापुद्रा बसला की चाकाचा संपर्क क्षणभर तुटतो. इंजिन जड असते, ते त्या क्षणात पुढे सरकून जाते. पण दिवा लुकलुकतो आणि डोळ्यांना ते लगेच जाणवते.

महागड्या अंकीय नियंत्रण पद्धतीत रुळांवरचा दाब कायम राहतो, म्हणून पहिल्या दोन अडचणी येत नाहीत. धुळीची अडचण मात्र तिथेही सुटत नाही. पुठ्ठ्याचा डबा आणि चावीचे इंजिन असेल तर रुळांत वीजच नसते. या सर्वांवर एकच सोपा उपाय आहे. डब्याने आपली वीज आपल्याबरोबर घेऊन फिरावे.

मोठ्या रेल्वेने काय केले?

सुरुवातीच्या काळात डब्यांत तेलाचे दिवे असत. पुढे अनेक देशांत दाबाखाली भरलेल्या वायूचे दिवे आले. त्यांचा उजेड चांगला होता, पण अपघातात टाकी फुटली की आग भडके. २२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिल येथे गाड्यांची टक्कर झाली. लाकडी डबे आणि त्यांतील वायू यांमुळे आगीने रौद्र रूप घेतले आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. डब्यातील दिवा हा नुसत्या सोयीचा नव्हे, तर जिवाचाही प्रश्न होता.

विजेचा दिवा डब्यात आला तो ऑक्टोबर १८८१ मध्ये. इंग्लंडमध्ये लंडन ते ब्रायटन मार्गावर ‘बीट्रिस’ नावाचा पुलमन डबा स्वान यांच्या दिव्यांनी उजळला. वीज कोठून आणली? फ्रेंच संशोधक फोर यांनी सुधारलेले शिशाचे संचायक घट डब्यातच ठेवले होते. म्हणजे विजेचा पहिला डबासुद्धा बॅटरीवरच उजळला होता!

परंतु नुसत्या बॅटरीवर भागेना. प्रत्येक फेरीनंतर ती बाहेरच्या यंत्रावर पुन्हा भारित करावी लागे. म्हणून १८९०च्या दशकात डब्याच्या आसावर पट्टा चढवून त्याने डायनॅमो फिरवण्याची पद्धत रूढ होऊ लागली. गाडी धावत असताना डायनॅमो दिवे लावतो आणि बॅटरीही भारित करतो. गाडी थांबली की डायनॅमो थांबतो आणि त्याची जागा बॅटरी घेते. भारतातील डब्यांत पूर्वी २४ व्होल्टची व्यवस्था होती, नंतर ११० व्होल्टची आली आणि डायनॅमोऐवजी अल्टरनेटर बसवले गेले. बिगर-वातानुकूलित डब्याखाली साधारणपणे साडेचार किलोवॅटचा अल्टरनेटर असे. शिशाच्या एका घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट. तेव्हा ११० व्होल्टसाठी पन्नासहून अधिक घट एकापुढे एक जोडावे लागतात. त्यांच्या पेट्या डब्याच्या तळाशी टांगलेल्या असतात. पुढे स्थानकावर गेलात तर फलाटाखाली डोकावू नका, पण समोरच्या फलाटावरच्या डब्याखाली त्या पेट्या दिसतात का, ते अवश्य पाहा.

अलीकडे अनेक गाड्यांत दिव्यांची वीज वरच्या तारेतून इंजिनामार्फत येते. तरीही आणीबाणीसाठी डब्यात बॅटरी ठेवावीच लागते.

दिवा कोणता निवडावा?

पूर्वीचे हौशी लोक विजेरीतला तंतूचा बल्ब वापरीत. असा बल्ब साधारण ०.३ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. चार बल्बांना १.२ अँपिअर लागतील. रिमोटमध्ये घालतात तो बारीक, ‘एएए’ मापाचा अल्कलाइन सेल सुमारे १,००० मिलिअँपिअर-तास वीज देतो. या ओझ्याखाली तो तासाभरातच थकेल. शिवाय बल्ब तापून प्लास्टिकचे छप्पर वितळेल, ते वेगळेच.

हे चित्र एलईडीने पालटले. शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी जगापुढे ठेवला. निळ्या प्रकाशावर पिवळे प्रकाशणाऱ्या पदार्थाचा लेप देऊन काही वर्षांत पांढरा एलईडी तयार झाला. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या डब्यासाठी अशा एलईडीतून फक्त ३ मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी पुरे.

थोडा हिशेब

पांढऱ्या एलईडीला पेटण्यासाठी सुमारे ३ व्होल्ट लागतात. सेल प्रत्येकी दीड व्होल्टचे. दोन सेल एकसर जोडले तर बरोबर ३ व्होल्ट होतात. पण सेल थोडे वापरले जाताच दाब उतरतो आणि दिवा मिणमिणू लागतो. म्हणून तीन सेल घेऊ. एकूण दाब ४.५ व्होल्ट. एलईडीचे ३ व्होल्ट वजा केले की १.५ व्होल्ट उरतात. हे उरलेले व्होल्ट सांभाळण्यासाठी रोधक हवा, नाहीतर जास्त प्रवाहाने एलईडी जळेल. ओहमचा नियम आठवा :

रोध = विद्युतदाब ÷ विद्युतप्रवाह = १.५ ÷ ०.००३ = ५०० ओहम.

बाजारात याच्या जवळचा ४७० ओहमचा रोधक मिळतो. त्यावर पिवळा, जांभळा आणि तपकिरी असे पट्टे असतात. त्यातून सुमारे ३.२ मिलिअँपिअर प्रवाह जाईल. डब्यात चार एलईडी लावले तर एकूण १३ मिलिअँपिअर. आता १,००० ला १३ ने भागा. उत्तर येते सुमारे ७७ तास! ही कमाल मर्यादा समजा, कारण सेल उतरतील तसा उजेडही कमी होत जाईल. तरी रोज सहा तास चालणारे तीन दिवसांचे प्रदर्शन म्हणजे केवळ १८ तास. आपले सेल सहज पुरतील.

चारही एलईडी समांतर जोडायचे, पण प्रत्येकाला स्वतंत्र रोधक द्यायचा. सर्वांना मिळून एकच रोधक दिला तर काय होईल? कोणतेही दोन एलईडी तंतोतंत सारखे नसतात. ज्याला किंचित कमी दाब पुरतो तो जास्त प्रवाह ओढून घेतो आणि बाकीचे फिके पडतात.

डबा सजवताना

नमुनाकृतींमध्ये १ : ८७ हे प्रमाण जगभर लोकप्रिय आहे. चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात बनणारा जुन्या पद्धतीचा डबा सुमारे २१.३ मीटर लांब आणि ३.२५ मीटर रुंद असे. ८७ ने भागले की आपला डबा साडेचोवीस सेंटिमीटर लांब आणि ३.७ सेंटिमीटर रुंद होतो. एएए सेलचा व्यास १०.५ मिलिमीटर. तीन सेल शेजारी शेजारी ठेवले तर ३१.५ मिलिमीटर जागा लागते, म्हणजे ते डब्यात बरोबर मावतात.

१. सेल फरशीवर, डब्याच्या मध्यभागी बसवा. वजन तळाशी आणि मध्यावर राहिले की डबा वळणावर कलंडत नाही. सेलांवर पुठ्ठ्याची बाके चिकटवलेले सुटे झाकण ठेवा.

२. छताला आतून पांढरा कागद लावा. चकचकीत वर्ख लावू नका; तो वीजवाहक असल्याने तारा चिकटून मंडल लघू होण्याचा धोका असतो.

३. एलईडीचा उजेड एकाच दिशेला झोतासारखा पडतो. त्याचे टोक पॉलिश पेपरने हलके घासा आणि ते छताकडे वळवा. कागदावरून परावर्तित झालेला उजेड डबाभर सारखा पसरेल. जुन्या बल्बसारखी पिवळसर झाक हवी असेल तर टोकाला पिवळी शाई लावा.

४. एलईडीचा लांब पाय धन बाजूला जोडायचा असतो. जोडणी छतात बसवण्यापूर्वी टेबलावर करून दिवे लागतात याची खात्री करा. तारांना डाक देताना शिक्षक किंवा घरातील मोठे माणूस जवळ असू द्या.

५. तारा एवढ्या लांब ठेवा की छप्पर काढून बाजूला ठेवता येईल. सेल बदलायची वेळ येणारच आहे.

६. फरशीला खालून लहान सरकती कळ बसवा. गाडी न वापरताना दिवे बंद असले पाहिजेत.

७. भिंतीतून उजेड झिरपत असेल तर भिंतीला आतून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्या. उजेड फक्त खिडक्यांतून यायला हवा.

नाण्याएवढे चपटे सेल वापरण्याचा मोह होईल. त्यांत वीज कमी असते, आणि लहान मुलाने असा सेल गिळला तर काही तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होते. जुन्या मोबाईलची बॅटरीही नको. ती टोचली किंवा तिची टोके एकमेकांना भिडली तर पेट घेऊ शकते.

वजनाची किंमत

तीन सेलांचे वजन सुमारे ३५ ग्रॅम असते. सपाट रुळावर ते फारसे जाणवत नाही. पण भरलेली मालमोटार मांजरसुंब्याचा घाट चढताना खालचा गिअर टाकते, हे तुम्ही ऐकले असेल. तीच गोष्ट आपल्या इंजिनाची. ३० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर अशा चढावर सहा डब्यांतील सेलांचे २१० ग्रॅम वजन इंजिनाला सुमारे ७ ग्रॅम जास्त ओढायला लावते. चाकांचे घर्षण वेगळेच. तेव्हा चढ असेल तर डबे कमी जोडा, किंवा एका डब्यातील सेलांवर बारीक तारेने शेजारच्या डब्याचेही दिवे लावा. मग सेल किती तास चालतील? हिशेब तुम्हीच करा.

पाहा आणि मोजा

दिवे सतत लावून ठेवा आणि दर चार तासांनी मल्टिमीटरने तिन्ही सेलांचा मिळून दाब मोजा. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर दाब घेऊन आलेख काढा. साधे जस्त-कार्बन सेल घालून तोच प्रयोग पुन्हा करा. दोन वक्र शेजारी मांडले की महाग सेल खरोखर स्वस्त पडतो की नाही, ते जाहिरात न वाचता कळेल. प्रत्येक सेलाचा दाब १.२ व्होल्टवर आला की एलईडीतून किती प्रवाह जाईल, तेही काढून पाहा. प्रदर्शन संपल्यावर सेल डब्यातून काढून ठेवायला मात्र विसरू नका. पाझरलेला सेल तारा खाऊन टाकतो.

पुण्याला गेलात तर कोथरूडमधील जोशी लघुरेल्वे संग्रहालय जरूर पाहा. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. एका माणसाची हौस चिकाटीने कोठवर जाऊ शकते, ते तेथे दिसते.

आणि तुमच्या शाळेच्या प्रदर्शनात मध्येच वीज गेली तर घाबरू नका. नियंत्रकाची वीज तुटल्याने इंजिन थांबेल, सभागृह काळोखात बुडेल. पण डब्यांच्या खिडक्या तशाच उजळलेल्या राहतील. पाहुण्यांनी ‘हे कसे?’ म्हणून विचारले, की त्यांना छप्पर उचलून सेल दाखवा आणि ७७ तासांचा हिशेब समजावून सांगा.