तान्ह्या बाळासाठीं घरचीं चार साधनें

आपल्या खानदेशांत कापूस शेतोशेत पिकतो. तरी घरांत मूल येणार म्हटलें कीं बाजारांतून चकचकीत कपडे आणण्याची धांवपळ सुरू होते. वस्तुतः नवजात बालकास लागणाऱ्या बहुतेक वस्तु आजीच्या जुन्या सुती लुगड्यांतून घरींच होतात. धुऊन धुऊन मऊ झालेलें कापड कोंवळ्या त्वचेस नव्याहून मानवतें. मात्र हीं कामें सातव्या महिन्यापूर्वींच उरकावीं. बाळ अवचित लवकर आलें तर कापड शोधण्यांत वेळ जातो आणि तेवढ्यांत ओलें बाळ गारठतें.

हा गारठा क्षुल्लक नव्हे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें १९९५ पासून ३९ खेड्यांत, गांवच्याच स्त्रियांना शिकवून, घरोघर नवजात बालकांची जोपासना करविली. औषधोपचाराबरोबर बाळास ऊब देणें हाहि त्या कार्याचा भाग होता. तीन वर्षांत तेथील नवजात बालकांचे मृत्यु, इतर तशाच खेड्यांच्या मानानें, निम्म्याहून कमी झाले. हा वृत्तांत १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला.

लंगोट व गोधडी.— नऊवारी लुगडें सुमारें आठ मीटर लांब असतें. त्याचे दोन भाग करावे. एका भागाचे ५५ सेंटिमीटरचे चौकोन कापल्यास विरलेलें कापड सोडूनहि दहा-बारा लंगोट निघतात. दुसऱ्याचे मीटरभर लांबीचे चार तुकडे एकावर एक ठेवून धांवदोऱ्यानें शिवले कीं गोधडी झाली. सर्व कापड उकळत्या पाण्यांतून काढून कडक उन्हांत वाळवावें.

उबेची पिशवी.— दुहेरी कापडांत पिंजलेल्या कापसाचा पातळ थर घालून तळ बंद असलेली पिशवी शिवावी. बंद बाजूस लावावे. गळ्याजवळ नाडी घालूं नये. तोंड सदैव उघडें राहावें. धुळ्याकडील पौषांतल्या पहाटे ही पिशवी व टोपडें उपयोगी पडतात; जळगांवच्या वैशाखांत एकपदरी दुपटेंच पुरे. पोट व तळपाय दोन्ही उबदार असल्यास ठीक. केवळ पाय गार असल्यास बाळास आईच्या उघड्या छातीशीं धरून वरून पांघरूण घालावें. पोटहि गार लागल्यास तसेंच धरून तत्काळ दवाखाना गांठावा.

झोळी.— बांधल्यावर आधीं वीस किलो धान्याची गोणी ठेवून दोर व आढें पारखावें. झोळी जमिनीलगत असावी, खालीं गोधडी अंथरावी, आणि थोरल्या मुलांना जोरानें झोके देऊं देऊं नयेत. झोळींत बाळ असतां मोठ्या माणसाची नजर असावी. रात्रीं त्यास सपाट, घट्ट अंथरुणावर उताणें निजवावें.

एक गोष्ट निक्षून सांगावयाची. फवारणीच्या वेळीं अंगावर असलेलें धोतर वा सदरा, खताची गोणी, औषधाच्या डब्यांना बांधलेला दोर, यांतील कांहींहि बाळाच्या वाऱ्यासहि आणूं नये. धुतलें म्हणून भागत नाहीं. शेतकरी घरांत अशा वस्तु सहज हाताशीं असतात, म्हणूनच हा धोका.

हीं कामें केवळ बायकांचीं मानूं नयेत. शिवण घरधनिणीनें करावें, दोर बापानें पारखावा, लंगोटांच्या घड्या थोरल्या मुलानें घालाव्या. येणाऱ्या जीवाची वाट सगळ्या घरानें पाहावी, आणि ती हात चालवीत पाहावी.